शेजारी कोण, की शेजारी कोण झाला?



आज लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातल्या चांगल्या शोमरोन्याविषयी बोलू. ही गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकतो, म्हणूनच तिच्यातला मूळ प्रश्न निसटून जातो.

एका शास्त्र्याने येशूला विचारलं, माझा शेजारी कोण? त्याला जणू यादी हवी होती. यादीतल्यांना मदत करायची, बाकीच्यांना नाही केली तरी चालेल. येशूने यादी दिली नाही, रस्त्यावरची एक गोष्ट सांगितली.

तो रस्ता यरुशलेमहून यरीहोला उतरतो. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच, तर यरीहो सुमारे २५० मीटर खाली. पंचवीसेक किलोमीटरांत हजार मीटरचा उतार, बाजूला ओसाड डोंगर आणि घळी. लुटारूंना दबा धरायला उत्तम जागा. थांबणाऱ्याच्याही जिवाला धोका होता. याजक आणि लेवी पाहून पुढे गेले. थांबला तो शोमरोनी, ज्यांच्याशी यहुदी व्यवहार ठेवत नसत.

त्याने काय केलं, क्रमाने पाहा. जखमांना तेल व द्राक्षारस लावून पट्ट्या बांधल्या. आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं. तिथे काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी मालकाला दोन दीनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी दिली. जास्त लागलं तर परत येताना देईन, असंही सांगितलं. हळहळून तो निघून गेला नाही, काम शेवटापर्यंत नेलं.

मग येशूने प्रश्नच फिरवला: तिघांपैकी शेजारी कोण झाला? म्हणजे समोरचा कोण हे तपासत बसायचं नाही, आपण शेजारी व्हायचं. लष्करातही हेच शिकवतात. जिनिव्हा करारानुसार जखमी शत्रूलाही उपचार द्यावे लागतात, त्याचा गणवेश पाहायचा नाही.

आपला यरीहोचा रस्ता म्हणजे हायवे. अपघात दिसतो, गर्दी जमते, मोबाईलवर चित्रण होतं, पण जखमीला हात कोणी लावत नाही. कारण एकच: पोलिसांचं लचांड मागे लागेल.

ही भीती आता धरू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचं बळ दिलं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. सद्भावनेने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करताना चूक होऊन जखमीला इजा झाली, तरी त्यासाठी दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती पोलीस करू शकत नाहीत. साक्षीदार व्हायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं. कायद्यात अशा माणसाला ‘गुड समॅरिटन’ म्हणजे चांगला शोमरोनीच म्हटलं आहे!

तुम्ही इंदूरला असा, हैदराबादला असा की बेळगावात, कायदा हाच. ११२ फिरवा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. मान किंवा पाठ दुखावल्याची शंका असेल आणि जागेवर धोका नसेल, तर जखमीला हलवू नका. पहिला एक तास मोलाचा असतो.

विश्वास उपासनेत बोलून दाखवणं सोपं आहे. त्याची परीक्षा मात्र गाडीचा ब्रेक दाबायच्या क्षणी होते. तेव्हा जखमीचं नाव, जात, धर्म विचारू नका. थांबा.