पुराचे पाणी येण्याआधी प्रत काढण्याचा अधिकार

कॉपीराइट म्हणजे आपल्या कृतीच्या प्रती काढणे, ती प्रसिद्ध करणे, तिचे भाषांतर करणे आणि ती लोकांपुढे सादर करणे यांवरचा लेखकाचा, किंवा त्याने हक्क दिलेल्या व्यक्तीचा, ठरावीक मुदतीचा एकाधिकार होय. भारतात तो १९५७ च्या कायद्याने चालतो, आणि त्याच कायद्याच्या ५२ व्या कलमात, परवानगी न घेता व मोबदला न देता एखादी कृती कोणकोणत्या कारणांसाठी वापरता येते, याची लांबलचक यादी दिलेली आहे. या तरतुदींना अपवाद म्हणतात. ग्रंथालये, शाळा-महाविद्यालये आणि संशोधनसंस्था यांचे रोजचे काम या अपवादांवर चालते, पण रायगड जिल्ह्यातील महाड आणि पोलादपूर या तालुक्यांत त्यांना आणखी एक तातडीचा अर्थ आहे. कारण येथील अर्वाचीन इतिहास कागदावर आहे, आणि महाड शहर सावित्री व गांधारी या नद्यांच्या काठी असल्याने जुलै २००५ मध्ये आणि पुन्हा २२ जुलै २०२१ रोजी पुराचे पाणी थेट वस्तीत शिरलेले आहे.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्यावर झालेला सत्याग्रह, त्याच वर्षी २५ डिसेंबरला झालेले मनुस्मृतीचे दहन आणि तळ्याच्या हक्कासाठी पुढे दहा वर्षे चाललेला खटला यांची साधने अनेक प्रकारची आहेत, आणि कायद्याच्या दृष्टीने प्रत्येकाची स्थिती निराळी आहे. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे टिकतो. बाबासाहेबांचे निधन ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले, म्हणून त्यांनी हयातीत छापलेले लेखन, आणि त्यात ३ एप्रिल १९२७ पासून निघू लागलेल्या ‘बहिष्कृत भारत’मधील त्यांचे अग्रलेखही, १ जानेवारी २०१७ पासून सर्वांना खुले झाले. १९९२ मध्ये ही मुदत पन्नासवरून साठ वर्षे केली गेली नसती, तर ते दहा वर्षे आधीच खुले झाले असते.

मात्र यावरून बाबासाहेबांचे सारेच लेखन आता खुले आहे असा जो समज पसरला आहे, तो बरोबर नाही. लेखकाच्या पश्चात प्रसिद्ध झालेल्या कृतीची साठ वर्षे पहिल्या प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून मोजली जातात. ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणून त्याची मुदत २०१७ अखेर संपली. पण ‘रिडल्स इन हिंदूइझम’ महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये प्रथम छापले, म्हणून त्यावरचा हक्क २०४७ च्या अखेरपर्यंत राहतो. सत्याग्रहाच्या वेळची महाडची परिषद भरवण्यात पुढाकार घेणारे, लाडवली गावचे रामचंद्र बाबाजी मोरे १९७२ मध्ये वारले आणि त्यांचे अपुरे राहिलेले आत्मकथन त्यांच्यानंतर छापले गेले. त्याचा हिशेबही याच रीतीने करावा लागतो. याउलट चवदार तळ्याच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिलेला निकाल कोणीही छापावा, वाटावा, भिंतीवर लावावा. कारण न्यायालयाने स्वतः मनाई केली नसेल तर निकालपत्राची प्रत काढणे ५२ व्या कलमाने मोकळे ठेवले आहे. फक्त खासगी प्रकाशकाने त्या निकालावर स्वतःच्या कौशल्याने लिहिलेले टिपण उचलता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात स्पष्ट केलेले आहे.

खरा पेच अप्रकाशित कागदांचा आहे. परिषदेला गेलेल्या एखाद्या कार्यकर्त्याची रोजनिशी किंवा पत्रे घरच्यांनी वाचनालयाला दिली, तरी दिला जातो तो कागद. मजकुरावरचा हक्क वारसांकडेच राहतो, आणि मुदत प्रकाशनापासून सुरू होत असल्यामुळे न छापलेल्या मजकुरावरचा हक्क संपण्याची वेळच येत नाही. ही कोंडी फोडण्यासाठी कायद्यात एक अपवाद आहे: जनतेला प्रवेश असलेल्या ग्रंथालयात, संग्रहालयात किंवा तशा संस्थेत ठेवलेल्या अप्रकाशित साहित्यकृतीची प्रत संशोधनासाठी, खासगी अभ्यासासाठी किंवा प्रकाशनाच्या हेतूने काढता येते; लेखक कोण हे ठाऊक असेल, तर त्याच्या मृत्यूला साठ वर्षे उलटलेली असावी लागतात. म्हणजे १९६० मध्ये वारलेल्या कार्यकर्त्याची रोजनिशी आज या तरतुदीत बसते, पण १९७५ मध्ये वारलेल्याची बसण्यासाठी २०३५ साल उजाडावे लागेल. तोवर वारसांची संमती हाच सरळ मार्ग उरतो.

जतनासाठीचा अपवाद २०१२ च्या दुरुस्तीने आला. ज्या कृतीची छापील वा अन्य भौतिक प्रत ग्रंथालयाकडे आधीच आहे, ती जतन करण्यासाठी संगणकीय माध्यमात साठवण्याची मुभा नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला त्यामुळे मिळाली. याशिवाय जे पुस्तक, पुस्तिका किंवा नकाशा भारतात विकत मिळत नाही, त्याच्या जास्तीत जास्त तीन प्रती असे ग्रंथालय स्वतःच्या उपयोगासाठी काढू शकते. पूरग्रस्त गावातल्या वाचनालयासाठी या दोन तरतुदी मोठ्या आधाराच्या आहेत, आणि स्कॅनिंगसाठी परवानगी लागेल या भीतीने कपाटे बंद ठेवण्याचे काहीच कारण नाही. परंतु साठवण्याची मुभा म्हणजे इंटरनेटवर सर्वांना खुले करण्याची मुभा नव्हे. शिवाय साठवणुकीची ही तरतूद ग्रंथालयाचेच नाव घेते, अभिलेखागाराचे, म्हणजे मूळ दस्तऐवज सांभाळणाऱ्या संस्थेचे, किंवा संग्रहालयाचे घेत नाही; आणि ‘नफा न कमावणारे सार्वजनिक ग्रंथालय’ म्हणजे नेमके काय, याची व्याख्याही कायदा देत नाही. स्मारकातील किंवा महाविद्यालयातील संग्रह पुस्तकांच्या कपाटाइतकाच पाण्यात भिजतो, त्यामुळे हा भेद तर्काला धरून नाही आणि दुरुस्तीने तो दूर करायला हवा.

पोलादपूरचे उदाहरण वेगळे आहे. तेथे समाधी असलेल्या कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारत’ या सतराव्या शतकातील संस्कृत काव्यावर आज कोणाचाच हक्क नाही. तंजावरात सापडलेल्या हस्तलिखितावरून सदाशिव महादेव दिवेकरांनी ते १९२७ मध्येच प्रसिद्ध केले. पण अशा ग्रंथाच्या नव्या भाषांतरावर, प्रस्तावनेवर आणि टिपांवर त्या त्या अभ्यासकाचा स्वतंत्र हक्क असतो. तान्हाजी मालुसऱ्यांच्या उमरठ गावी जुना पोवाडा गाण्यास कोणाची आडकाठी नाही, मात्र त्याच पोवाड्याच्या अलीकडच्या ध्वनिमुद्रणावर ते काढणाऱ्याचा हक्क साठ वर्षे राहतो.

शाळांना कायद्याने बरीच मोकळीक दिली आहे. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने कोणत्याही कृतीची प्रत काढली, किंवा प्रश्नपत्रिकेत उतारा घेतला, तर तो भंग ठरत नाही. रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानाविरुद्ध परदेशी प्रकाशकांनी लावलेल्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अभ्यासक्रमाच्या गरजेपुरते उतारे एकत्र करून देणेही या अपवादात बसू शकते असे ठरवले, आणि महागडी पुस्तके विकत घेऊ न शकणाऱ्या खेड्यातल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा निर्णय अतिशय महत्त्वाचा आहे. वसंत कानेटकरांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ हे १९६२ चे नाटक अजून मुदतीत आहे. तरीही शाळेच्या स्नेहसंमेलनात विद्यार्थी-शिक्षकांनी ते आपल्या पालकांपुढे केले, तर परवानगी लागत नाही. बाहेरच्यांना तिकीट लावून प्रयोग केला, तर लागते.

जागतिक पातळीवर २०१३ च्या माराकेश कराराने दृष्टिहीनांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती काढण्याचा मार्ग मोकळा केला, आणि त्याला मान्यता देणारा पहिला देश भारतच होता. ग्रंथालये व अभिलेखागारे यांच्यासाठी तसाच करार व्हावा अशी मागणी जागतिक बौद्धिक संपदा संघटनेपुढे अनेक वर्षे आहे, पण तो अद्याप झालेला नाही.

तोवर संस्थेच्या हाती असलेला सर्वांत उपयोगी उपाय म्हणजे कागद स्वीकारतानाच देणगीदाराकडून लेखी करार करून घेणे. हक्क देण्याचा करार लेखी व सहीचा असावा लागतो, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाचच वर्षे धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच धरतो. म्हणून जतन, अभ्यासकांना प्रत देणे, प्रकाशन आणि इंटरनेटवर ठेवणे या चारही गोष्टींचा मुदत व प्रदेशासह उल्लेख त्या कागदात असावा, आणि सही करणारी व्यक्ती सर्व वारसांच्या वतीने सही करते आहे काय, हेही त्याच वेळी नोंदवावे.