आधी ऐकणारा हवा

ऑशविट्झ या नाझी छावणीतून वाचलेल्या एक बाई अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या साक्षसंग्रहासाठी कॅमेऱ्यासमोर बोलत होत्या. वय सत्तरीकडे झुकलेलं, आवाज इतका हळू की कान देऊन ऐकावं लागे. बोलता बोलता ऑक्टोबर १९४४ मधल्या कैद्यांच्या उठावाचा विषय निघाला आणि त्यांचा स्वर एकदम बदलला. दहनभट्ट्यांची चार धुरांडी पेटून उडाली, माणसं सैरावैरा पळत सुटली, असं त्या भरभर सांगत गेल्या. काही क्षणांत आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला.

पुढे एका परिषदेत ही चित्रफीत दाखवली, तेव्हा जमलेल्या इतिहासकारांनी आक्षेप घेतला. त्या उठावात एकच धुरांडं उडालं होतं. एवढ्या ठळक तपशिलात घोटाळा असेल तर बाकीच्या कथनावर विसंबायचं कसं? ज्यूंचा वंशसंहार झालाच नाही म्हणणाऱ्यांच्या हाती हे आयतं कोलीत.

बाईंची मुलाखत घेणारे मनोविकारतज्ज्ञ डोरी लाउब यांना हा आक्षेप मान्य नव्हता. त्यांच्या मते बाई धुरांडी मोजून दाखवायला बसल्याच नव्हत्या. ऑशविट्झमध्ये ज्यू कैदी उलटून हल्ला करतील, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. ते घडलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि त्यांची साक्ष त्याची होती. मुलाखतीत आणखी एक बारीकशी गोष्ट घडली होती. बाई मारल्या गेलेल्यांचं सामान निवडणाऱ्या तुकडीत कामाला होत्या. कैद्यांच्या बोलीत या विभागाचं नाव ‘कॅनडा’. ते नाव ऐकलंय का, असं लाउब यांनी विचारलं. बाई दचकल्या, नाही म्हणाल्या. लाउब यांनी तो धागा तिथेच सोडून दिला. आपल्याला काय ठाऊक आहे हे दाखवत बसलं तर बाईंना काय ठाऊक आहे ते ऐकायचं राहून जाईल, हे त्यांनी ओळखलं होतं.

नाझींनी सुमारे साठ लाख ज्यूंना मारलं. त्यातून वाचलेल्यांच्या आठवणी जपणाऱ्या संस्थांची ओळख सहसा आकड्यांतून करून दिली जाते: इतक्या मुलाखती, इतके तास, इतक्या भाषा. पण साक्ष एकट्या सांगणाऱ्याची नसते. विचारणारा कोण होता, त्याने किती वेळ दिला, कुठे टोकलं, कुठे गप्प राहिला, यावर संग्रहात काय उरतं ते ठरतं. गेल्या ऐंशी वर्षांत हे कसब अनेकदा बदललं आणि दर वेळी आठवणींचा घाटही बदलला.

सुरुवात युद्ध संपण्याआधीच झाली. १९४४च्या उन्हाळ्यात पोलंडमधलं लुब्लिन शहर नाझींच्या तावडीतून सुटलं आणि ऑगस्टमध्ये तिथे हयात राहिलेल्या मूठभर ज्यूंनी एकमेकांच्या हकिकती टिपायला घेतल्या. त्यातून केंद्रीय ज्यू ऐतिहासिक आयोग उभा राहिला. इतिहासकार फिलिप फ्रीडमन त्याचे प्रमुख. काय विचारायचं याच्या प्रश्नावल्या आयोगाने छापल्या आणि लहान मुलांसाठी वेगळी तयार केली. अंगावरचे कपडे सोडले तर जवळ काही न उरलेल्या माणसांनी आधी प्रश्नावल्या छापाव्यात, ही त्या काळातली विलक्षण गोष्ट. या खटपटीतून जमलेल्या सुमारे सात हजार साक्षी आज वॉर्सातल्या ज्यू ऐतिहासिक संस्थेत आहेत. त्या कागदावर आहेत, टिपून घेणाऱ्याच्या हातून उतरलेल्या. आवाज त्यात नाही.

आवाज आणला डेव्हिड बोडर यांनी. लॅटव्हियात जन्मलेले बोडर शिकागोत मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. १९४६ साली ते एक वायर रेकॉर्डर घेऊन युरोपात उतरले. हे यंत्र त्यांच्याच संस्थेशी जोडलेल्या आर्मर संशोधन केंद्रात विकसित झालं होतं. टेपऐवजी केसासारखी बारीक पोलादी तार एका रिळावरून दुसऱ्यावर सरकायची आणि आवाज त्या तारेवर चुंबकीय खुणांच्या रूपात उतरायचा. फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली आणि जर्मनीतल्या निर्वासितांच्या वस्त्यांत आणि आश्रयगृहांत फिरून त्यांनी सुमारे १३० मुलाखती नोंदवल्या. नऊ भाषांत, सुमारे नव्वद तास, दोनशे रिळं.

बोडर यांची पद्धत साधी होती. एखाद्या ठिकाणी गेले की आधी तिथल्या लोकांना गाणी म्हणायला लावायचे, ती नोंदवायची आणि लगेच ऐकवायची. स्वतःचाच आवाज यंत्रातून ऐकून लोक चकित व्हायचे आणि बोलायला पुढे यायचे. प्रत्येकाला त्याच्या सोयीच्या भाषेत बोलू दिलं जाई. बोडर मधूनच इंग्रजीत रिळाचा क्रमांक, तारीख, गाव सांगतात आणि पुन्हा मुलाखतीकडे वळतात. छावण्यांचे कित्येक तपशील त्यांनाही नवे होते, त्यामुळे आज बाळबोध वाटतील असे प्रश्न ते विचारतात. त्या प्रश्नांमुळेच पुढे सर्वांना पाठ झालेल्या गोष्टी त्या तारांवर पहिल्यांदा, समजावून सांगितल्यासारख्या ऐकू येतात. १९४९ साली त्यांनी यातल्या आठ मुलाखतींचं पुस्तक काढलं. त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. १९६१ साली बोडर वारले.

त्याच वर्षी जेरुसलेममध्ये नाझी अधिकारी अॅडॉल्फ आइकमनवर खटला चालला. शंभराहून अधिक साक्षीदार उभे राहिले, त्यांतले बहुतेक स्वतः वाचलेले, आणि त्यांची जबानी जगभर दाखवली गेली. पण न्यायालयात प्रश्न वकिलाचे असतात. साक्षीदाराचं आधीचं घर, नंतरचं आयुष्य, रात्रीची स्वप्नं यांना तिथे जागा नसते.

ती जागा मिळाली न्यू हेवन या अमेरिकन शहरात. १९७८ साली एनबीसी वाहिनीवर ‘होलोकॉस्ट’ नावाची मालिका गाजली. वाचलेल्यांपैकी अनेकांना ती गुळगुळीत वाटली. आपली गोष्ट आपणच सांगायला हवी, असा सूर निघाला. १९७९ साली दूरचित्रवाणी पत्रकार लॉरेल व्लॉक आणि डोरी लाउब यांनी स्थानिक लोकांच्या चित्रमुलाखती घ्यायला सुरुवात केली. लाउब स्वतः वाचलेल्यांपैकीच. तेव्हाच्या रुमानियातल्या चेर्नाउत्सी शहरात १९३७ साली जन्म, आणि लहानपणीच आईवडिलांबरोबर ट्रान्सनिस्ट्रियात हद्दपारी. १९८१ साली हा संग्रह येलकडे आला. आज तो फॉर्च्यूनॉफ संग्रह म्हणून ओळखला जातो आणि त्यात ४,४०० हून अधिक साक्षी आहेत.

येलच्या मुलाखतीला ठरावीक प्रश्नावली नाही आणि वेळेची मर्यादाही नाही. विचारणारा मागे राहतो, सांगणारा वाटेल तिथून सुरू करतो. संग्रहाला वळण देणाऱ्यांत साहित्याचे अभ्यासक जेफ्री हार्टमन होते. तेही बालपणी जर्मनीतून इंग्लंडला पाठवल्या गेलेल्या ज्यू मुलांपैकी एक. सूचीत साक्षीदाराचं आडनाव पूर्ण छापत नाहीत, फक्त आद्याक्षर देतात. अभ्यासक त्यांचा उल्लेखही तसाच करतात.

मग चित्रपट दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग आले आणि कामाचं प्रमाणच बदललं. ‘शिंडलर्स लिस्ट’च्या चित्रीकरणावेळी वाचलेले लोक त्यांना येऊन भेटत, आपली हकिकत सांगू पाहत. १९९४ साली त्यांनी शोआ फाउंडेशन स्थापन केलं. पाचेक वर्षांत ५६ देशांत, ३२ भाषांत सुमारे ५२,००० मुलाखती झाल्या. दोन हजारांवर मुलाखतकारांना प्रशिक्षण दिलं गेलं. मुलाखतीआधी लांबलचक प्रश्नावली भरून घेतली जाई: गाव, शाळा, नातेवाइकांची नावं, छावण्या. मग कॅमेरा साक्षीदाराच्या घरी जाई. वेळेची विभागणी ठरलेली असे. ढोबळमानाने पाचवा हिस्सा युद्धापूर्वीच्या आयुष्याला, तीन हिस्से युद्धकाळाला, उरलेला नंतरच्या वर्षांना. अर्ध्या तासाची टेप संपली की थांबायचं, नवी घालायची. शेवटी जुने फोटो कॅमेऱ्याला दाखवायचे आणि मुलंनातवंडं शेजारी येऊन बसायची.

या शेवटावर टीकाही झाली. नातवंडांनी भरलेल्या सोफ्यावर मुलाखत संपली की सगळं मार्गी लागलं असं वाटतं, असं काही अभ्यासकांचं म्हणणं. दुसरी बाजूही दुर्लक्षण्याजोगी नाही. अनेक घरांत मुलांनी आईवडिलांची पूर्ण हकिकत या टेपमधूनच पहिल्यांदा ऐकली.

एक लाखाहून अधिक तासांचं चित्रण जमलं, आणि आता त्यात शोधायचं कसं हा प्रश्न उभा राहिला. उपाय असा काढला की प्रत्येक मुलाखतीचे एकेका मिनिटाचे तुकडे मानायचे आणि त्या मिनिटात काय आलं त्यानुसार ठरावीक यादीतले शब्द जोडायचे. ही यादी वाढत ६० हजारांच्या पुढे गेली. एखाद्या पोलिश खेड्याचं नाव टाकलं की त्या खेड्याविषयी बोललेलं नेमकं मिनिट समोर येतं. मात्र सूची विषय पकडते, स्वर पकडत नाही. लॉस एंजेलिसचे अभ्यासक टॉड प्रेस्नर यांनी नेमकं यावर बोट ठेवलं आहे. येलच्या त्या बाईंचं मिनिट सूचीत ‘उठाव’ म्हणून सापडलं असतं, त्यांचा चढलेला आवाज मात्र सापडला नसता.

२००६ साली फाउंडेशन सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात गेलं. पुढे रवांडा, नानजिंग, ग्वाटेमाला इथल्या आणि आर्मेनियन लोकांच्या संहाराच्या साक्षीही संग्रहात आल्या.

या साक्षी शाळांपर्यंत कशा पोचल्या ते समजून घ्यायला शिकागोजवळचं स्कोकी हे उपनगर सोयीचं. इथे वाचलेले हजारो लोक राहत. १९७७ साली अमेरिकन नाझींनी याच गावातून मोर्चा काढायचं जाहीर केलं. मोर्चा स्कोकीत निघाला नाही, पण तोवर गप्प राहिलेली माणसं त्यामुळे शाळाशाळांतून बोलायला लागली. त्यांच्या रेट्याने १९९० साली इलिनॉय हे शाळांत ज्यू वंशसंहाराचा विषय सक्तीचा करणारं अमेरिकेतलं पहिलं राज्य ठरलं. २००९ साली स्कोकीत या संहाराचं मोठं संग्रहालय उघडलं.

जर्मनीकडून भरपाई मिळवून देणाऱ्या क्लेम्स कॉन्फरन्स या संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगात सुमारे २,४५,००० वाचलेले हयात होते. निम्म्यांहून अधिक ८५च्या पुढचे, आणि जवळजवळ सगळे युद्धकाळात लहान. आता वर्गात येऊन बोलणारा साक्षीदार जे सांगतो ती लहान मुलाची आठवण असते. घर चालवणारी, दुकान सांभाळणारी, निर्णय घेणारी तेव्हाची प्रौढ माणसं फक्त लुब्लिनच्या कागदांत, बोडर यांच्या तारांवर आणि काही जुन्या टेपांत भेटतात.

वर्गात येणारं माणूसच उरलं नाही तर काय, या विचारातून शोआ फाउंडेशनने संवादी साक्ष तयार केली. पहिला प्रयोग पिंचास गटर यांच्यावर झाला. जन्म १९३२, पोलंडमधलं लॉद्झ. वॉर्साच्या घेटोतून मायदानेक छावणीत नेलं तेव्हा वय अकरा. त्याच दिवशी आईवडील आणि जुळी बहीण साबिना मारले गेले. बहिणीचा चेहरा त्यांना आठवत नाही, तिची लांब सोनेरी वेणी आठवते.

२०१४ साली शंभरावर कॅमेऱ्यांच्या मधोमध खुर्चीत बसून गटर यांनी काही दिवस शेकडो प्रश्नांची उत्तरं दिली. त्यात लहानपणीचं गाणं आलं, विनोद आले, देवावर विश्वास आहे का हेही आलं. स्कोकीच्या संग्रहालयातल्या नाट्यगृहात २०१७ पासून मुलं माइकवर प्रश्न विचारतात, संगणक प्रश्नाचा अर्थ लावून साठ्यातलं जुळणारं उत्तर शोधतो आणि पडद्यावर गटर किंवा दुसरे साक्षीदार बोलू लागतात. प्रश्नांची नोंद ठेवली जाते, चुकीचं उत्तर निघालं असेल तर जुळणी दुरुस्त केली जाते. ज्या कामासाठी एके काळी मुलाखतकारांना शिकवावं लागत होतं, ते आता बारातेरा वर्षांच्या मुलांकडे आलं आहे.

आज यंत्राकडून उत्तर रचून घेणं अवघड राहिलेलं नाही. गटर यांच्या चेहऱ्याने आणि आवाजात काहीही वदवता येईल. या प्रकल्पात ते वर्ज्य आहे. साक्षीदार जे बोलला नाही ते त्याच्या तोंडी घालायचं नाही. साठ्यात उत्तर नसेल तर त्यासाठी चित्रित करून ठेवलेलं वाक्य येतं, आणि माइक हातात धरलेल्या मुलीला तोच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारून पाहावा लागतो.