नागमोडी रेषेच्या अलीकडे-पलीकडे

शाळेच्या प्रयोगशाळेत टांगलेल्या आवर्तसारणीच्या तक्त्यावर उजव्या बाजूला एक ठळक रेषा जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे खाली उतरत गेलेली दिसते. रेषेच्या डावीकडे धातू, उजवीकडे अधातू आणि रेषेला लागून धातुसदृश, एवढे पाठ केले की परीक्षेत गुण मिळतात. परंतु ही रेषा उभी किंवा आडवी नसून तिरपी का, याचा विचार क्वचितच होतो. वास्तविक आधुनिक इलेक्ट्रॉनिकीचा पाया याच रेषेवर रचला गेला आहे.

आज ज्ञात असलेल्या ११८ मूलद्रव्यांपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक धातू आहेत. सोडिअम, कॅल्शिअमपासून लोखंड, तांबे, सोन्यापर्यंत सारणीचा डावा आणि मधला भाग त्यांनीच व्यापला आहे. तळाशी वेगळ्या मांडलेल्या दोन ओळींमध्येही धातूच आहेत. अधातू वरच्या उजव्या कोपऱ्यात एकवटले आहेत. अपवाद हायड्रोजनचा. एकच इलेक्ट्रॉन असल्याने त्याला डावीकडे, पहिल्या गणाच्या शिरोभागी जागा मिळाली. गुणधर्माने मात्र तो अधातूच आहे. बोरॉन, सिलिकॉन, जर्मेनिअम, अर्सेनिक, अँटिमनी आणि टेल्युरिअम या सहांना सामान्यतः धातुसदृश मानले जाते.

ही विभागणी कशामुळे होते? अणूच्या बाह्यतम कवचातील इलेक्ट्रॉन जितक्या सहज सुटतात, तितका त्या मूलद्रव्याचा धातुगुण अधिक. आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना केंद्रकावरील धनप्रभार वाढतो, कवचांची संख्या मात्र तीच राहते. साहजिकच केंद्रकाची पकड घट्ट होते आणि धातुगुण घटतो. गणात वरून खाली येताना कवचांची भर पडते, बाह्य इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर जातात आणि धातुगुण वाढतो. म्हणजे एक घर उजवीकडे सरकल्याने आवळलेली पकड, एक घर खाली उतरल्याने पुन्हा सैल होते. दुसऱ्या आवर्तात बोरॉन, तिसऱ्यात सिलिकॉन, चौथ्यात अर्सेनिक, पाचव्यात टेल्युरिअम, अशी ही समतोलाची जागा दर आवर्तात एकेक घर उजवीकडे सरकते. रेषा तिरपी आहे ती यामुळेच.

चौदाव्या गणात हे स्थित्यंतर एकाच स्तंभात पाहायला मिळते. कार्बन, सिलिकॉन, जर्मेनिअम, कथिल आणि शिसे या पाचांच्याही बाह्यतम कवचात चारच इलेक्ट्रॉन असतात. तरीही माथ्यावरचा कार्बन अधातू आहे, तर तळाचे शिसे नि:संशय धातू. कार्बनच्या अणूतून पहिला इलेक्ट्रॉन काढण्यास मोलमागे सुमारे १०८६ किलोज्यूल ऊर्जा लागते. सिलिकॉनसाठी ती ७८६, तर कथिलासाठी ७०९ पुरते.

यातील कथिल तर विशेष उद्बोधक आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करतात ती याच चकचकीत, मऊ धातूने. परंतु शुद्ध कथिलाचे हे रूप १३.२ अंश सेल्सिअसच्या खाली स्थिर राहत नाही. कडाक्याच्या थंडीत दीर्घकाळ राहिल्यास त्याच्या अणूंची रचना हिऱ्यासारखी होते, ते फुगते आणि करड्या भुकटीत रूपांतरित होते. रेषेच्या धातूच्या बाजूला बसलेले मूलद्रव्य असे पलीकडे डोकावून येते. उलट बाजूने, अधातू कार्बनचे ग्रॅफाइट हे रूप विजेचे वहन करते.

मधल्या जर्मेनिअमची कथा तर सारणीच्या यशाचीच कथा आहे. १८६९ मध्ये सारणी मांडणाऱ्या दमित्री मेंडेलीव्ह यांनी सिलिकॉनच्या खालची जागा रिकामी ठेवली आणि तेथील अज्ञात मूलद्रव्याचा अणुभार ७२ च्या आसपास असेल, असे भाकीत केले. १८८६ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ क्लेमेन्स विंक्लर यांनी ते शोधले. अणुभार भरला ७२.६. पुढे १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झालेला पहिला ट्रान्झिस्टर याच जर्मेनिअमचा होता. १९५४ मध्ये सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर आला आणि कालांतराने सिलिकॉननेच बाजी मारली.

सीमेवरील मूलद्रव्येच या कामी का आली? धातू तापला की त्याची विद्युतवाहकता घटते. सिलिकॉन, जर्मेनिअमची मात्र वाढते. सिलिकॉनमध्ये फॉस्फरस किंवा बोरॉन अत्यल्प प्रमाणात मिसळले, की त्याची वाहकता कित्येक पटींनी वाढते. तांब्यातून वीज नेहमीच वाहते, गंधकातून जवळपास नाहीच. वाहू द्यायची की थोपवायची, हे मानवाला ठरवता येते ते अशा अर्धवाहकांमध्येच. संगणकाची आणि मोबाइलची सारी किमया या एका सोयीवर उभी आहे.

धातुसदृशांची सर्वमान्य यादी आजही अस्तित्वात नाही. काही तक्त्यांत पोलोनिअम त्यांच्यात गणले जाते, तर काहींत धातूंमध्ये. हा तक्त्यांचा दोष नव्हे. धातू आणि अधातू हे मानवाने केलेले कप्पे आहेत. निसर्गात धातुगुण पायरीपायरीने नव्हे, तर उतारासारखा बदलत जातो. तेव्हा तक्त्यावरील ती ठळक रेषा कुंपण म्हणून पाठ करण्यापेक्षा, दोन विरुद्ध प्रवृत्ती जेथे एकमेकींना तोलून धरतात ती जागा म्हणून समजून घेणे अधिक श्रेयस्कर.