रिकामी टाकी रिकामी नसते

"काका, दोन वर्षं पावसात पडून होती. आता काय उरलंय तिच्यात?" भंगारातून आणलेली गॅसची टाकी आडवी टाकून एका तरुण फॅब्रिकेटरनं मला विचारलं. हातात ग्राइंडर होता, टाकीवर खडूनं रेघ मारून झाली होती. हॉटेलवाल्याला तंदूर करून द्यायचा होता. त्यानं नोझलमधली पिन दाबून दाखवली. काहीच फुसफुसलं नाही. "बघा, रिकामी!" म्हणाला. मी आधी ग्राइंडरची पिन बोर्डातून काढली.

फुस्स आवाज दाबाचा असतो. आतला दाब बाहेरच्या हवेइतका झाला की आवाज थांबतो, पण गॅस तिथंच राहतो. घरगुती 14.2 किलोच्या टाकीत साधारण 33 लिटर पाणी मावतं, म्हणजे आवाज थांबतो तेव्हाही आत 33 लिटर गॅस असतोच. शिवाय नोझल मातीनं किंवा गंजानं चोंदली असेल, तर आत दाब असूनही आवाज येत नाही.

पण बहुतेकांच्या ध्यानात न येणारी गोष्ट वेगळीच आहे. नुसत्या गॅसनं भरलेली टाकी आतून पेटत नाही, कारण जळायला हवा लागते. टाकी उघड्या नोझलनं पडून राहिली की हळूहळू हवा आत शिरते आणि तिथून खरा धोका सुरू होतो. हवेत एलपीजी साधारण 2 ते 9.5 टक्के असला की ते मिश्रण ठिणगीनं फुटतं. 33 लिटरचे 2 टक्के म्हणजे पाऊण लिटरसुद्धा नाही. वजनात हा गॅस दीड ग्रॅमच्या आसपास भरेल. चहाच्या चमच्यातली साखरही त्याहून जड असते. 'इतकी वर्षं पडली होती' ही म्हणूनच खात्री नव्हे, ती काळजीची गोष्ट आहे. त्यात तळाशी काळपट, तेलकट गाळ साठलेला असतो. पत्रा तापला की त्या गाळातून पुन्हा वाफ सुटते. कापायच्या आधी जे नव्हतं, ते कापता कापता तयार होतं.

वासावर विसंबणारेही पुष्कळ आहेत. एलपीजीला स्वतःचा असा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन मिसळतात. आतला गंज हा वास खाऊन टाकतो, त्यामुळे वास नाही आणि गॅस मात्र आहे, असं होऊ शकतं. ग्राइंडरवाले म्हणतात, "गॅस कटर थोडाच लावतोय?" कटिंग व्हीलमधून उडणारी प्रत्येक ठिणगी म्हणजे तापून लाल झालेला लोखंडाचा कण. या मिश्रणाला तेवढा पुरतो.

पाणी भरून कापण्याची रीत खरी आहे, पण ती अर्धीच सांगितली जाते. बाद ठरवलेली टाकी रीतसर हाती आली असेल, तर दाब पूर्ण गेल्याची आणि व्हॉल्व्ह काढलेला असल्याची खात्री आधी हवी. मग धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यानं तो तेलकट गाळ निघेपर्यंत खळखळून धुवायचं आणि त्यानंतर पाणी काठोकाठ भरायचं. अर्धी-पाऊण भरून चालत नाही, कारण उरलेल्या पोकळीत तेच मिश्रण बसलेलं असतं. टाकी जरा हलवली, ठोकली की अडकलेले बुडबुडे वर येतात. पाणी परत भरावं लागतं. पहिला छेद हॅकसॉनं, हातानं. भरल्या पाण्याजवळ विजेचा ग्राइंडर नेला तर शॉक बसायची भीती. आणि व्हॉल्व्हचं भोक शेवटपर्यंत उघडं. तोंड बंद करून उष्णता दिली तर वाफेनंच टाकी फुटेल.

हे सगळं एलपीजीपुरतं झालं. वेल्डर ज्याला डीए म्हणतात, ती मरून रंगाची अ‍ॅसिटिलीनची टाकी आतून पोकळ नसते. तिच्यात सच्छिद्र भराव असतो, त्यात अ‍ॅसिटोन मुरवलेलं असतं आणि अ‍ॅसिटोनमध्ये गॅस विरघळलेला. पाणी भरून ती मोकळी होत नाही. जुन्या टाक्यांच्या भरावात अ‍ॅस्बेस्टॉसही असे. तिला करवत लावूच नये. एसी-फ्रिजच्या गॅसची टाकी तापली तर त्या गॅसपासून विषारी धूर होतो. क्लोरीनचं तर मुंबईनं भोगलं आहे: जुलै 2010 मध्ये शिवडीजवळ हाजी बंदराच्या आवारात वर्षानुवर्षं पडून असलेल्या जुन्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला आणि शंभराच्या आसपास माणसांना त्याचा त्रास झाला. तिथं कुणी ठिणगीही पाडली नव्हती. टाकीत काय होतं हे नक्की माहीत नसेल, तर तिला हातच लावायचा नाही.

आणि "पैसे मोजले, टाकी माझी"? घरगुती टाकीसाठी आपण भरतो ती अनामत. टाकी कंपनीचीच राहते. चाचणीत नापास झालेली टाकी चेपून सपाट करावी किंवा परत जोडता येणार नाही असे तुकडे करावेत, असं गॅस सिलिंडर नियम 2016 सांगतात. हे नियम राबवणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

त्या मुलाच्या टाकीचा कडा मी ओल्या फडक्यानं पुसला. खालून कंपनीचं नाव निघालं, आतल्या पट्टीवर चाचणीची खूण निघाली. दुपारी आम्ही दोघांनी ती गॅस एजन्सीत नेऊन दिली. तंदूर झाला बारा इंची एमएस पाइपाचा. त्याचा व्यास घरगुती टाकीइतकाच, साधारण 32 सेंटिमीटर, आणि पत्रा दुप्पट जाड.