वारा तोच, बैठक उलटी

मंडळ्यांमध्ये कामाचा वृत्तांत द्यायला गेलो, की एक प्रश्न हमखास येतो : "तुमचे माडिया लोक अजूनही धनुष्यबाणाने हरणे मारतात का?" याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

भामरागड तालुक्यातील माडिया घरांत बांबूचे धनुष्य आजही अडकवलेले दिसते. त्याची दोरीसुद्धा बांबूच्या सालीची. त्याचा नेम जवळूनच भरवशाचा, आणि चितळाला तर वासावरूनच माणूस कळतो. त्यामुळे जुन्या शिकाऱ्याची खरी विद्या बाण सोडण्याची नव्हती; चितळ कोठे येईल, हे आधी ओळखण्याची होती.

आमच्या कामाच्या गावातील एका आजोबांनी मला ती समजावली. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले गळतात, तेव्हा चितळे पहाटे मोहाखाली येतात. झाडावर वानरे असली, की त्यांनी टाकलेला पाला खायलाही येतात. भर उन्हाळ्यात पाणवठा धरायचा. पण पहिला पाऊस झाला, की जागोजागी पाणी साचते आणि पाणवठ्यावर बसणारा रिकाम्या हाताने परततो. आता चितळे कोवळ्या गवताकडे वळतात. बांधीत धानाचे पऱ्हे उगवले, की तिकडे. दिवस मावळताना आणि पहाटे, ठरलेल्या वाटेने. शिकारी त्या वाटेपाशी, वारा चितळाकडून आपल्याकडे येईल अशा बाजूला बसे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही शिकार गुन्हा ठरली. २००६ च्या वनहक्क कायद्याने जमिनीचे आणि गौण वनोपजाचे हक्क दिले, पण शिकारीचा हक्क त्यातून स्पष्टपणे वगळला. पीक वाचवण्यासाठीही आपल्या मनाने हरीण मारता येत नाही. चितळाला मात्र कायदा ठाऊक नाही!

गेल्या पावसाळ्यात एका तरुणाचे पऱ्हे चितळांनी एका रात्रीत फस्त केले. रोवणीला रोप उरले नाही. संतापून त्याने आजोबांचे धनुष्य खाली काढले. आजोबांनी ते हातातून घेतले आणि म्हणाले, "तू तुरुंगात गेलास, तर बांधी कोण करील?"

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर वन विभागाच्या कार्यालयात गेलो. हरणांनी पीक खाल्ले, तर शासनाची भरपाई मिळते. पण नुकसान तीन दिवसांच्या आत कळवावे लागते, मग पंचनामा होतो. बऱ्याच कुटुंबांना ही मुदतच माहीत नसते. त्याला पैसे मिळाले, पण उशिरा आणि नुकसानीपेक्षा कमी.

शेजारच्या बांधीतले पऱ्हे मात्र आजोबांच्या विद्येने वाचले. त्यांनी चितळांची वाट दाखवली आणि तिच्या तोंडाशी मचाण बांधायला लावले, पण शिकाऱ्याच्या नेमके उलट बाजूला. राखणदाराचा आणि शेकोटीच्या धुराचा वास वाऱ्याबरोबर चितळांकडे जावा, म्हणून. वारा फिरला, की शेकोटी हलवायची. काही रात्री चितळे तरीही आली, पण थाळी वाजवताच परतली.

म्हणून पुढच्या वेळी कोणी विचारले, तर मी सांगेन : धनुष्य भिंतीवर आहे. ते धरणाऱ्याचे ज्ञान मात्र भिंतीवर टांगून ठेवू नये. या पावसाळ्यापूर्वी गोटुलात आजोबा तरुणांना चितळांच्या वाटा सांगणार आहेत आणि मी भरपाईचा अर्ज भरायला शिकवणार आहे.