भ्रमणध्वनी संचातील आंतर-प्रक्रिया संदेशवहन : वाहक स्तराच्या निवडीचे निकष

प्रस्तावना

आधुनिक भ्रमणध्वनी संच हा आकाराने लहान असला तरी रचनेने एक पूर्ण संगणक आहे. अँड्रॉइड प्रणालीत प्रत्येक अनुप्रयोग सामान्यतः स्वतंत्र प्रक्रियेत चालतो व त्याला स्वतंत्र वापरकर्ता-क्रमांक दिलेला असतो. एका प्रक्रियेला दुसरीची स्मृती वाचता येत नाही. ही भिंत सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे. परंतु कॅमेरा, संपर्कसूची वा स्थाननिश्चिती यांपैकी काहीही हवे असल्यास अनुप्रयोगाला भिंतीपलीकडील सेवेशी बोलावेच लागते. हे संदेश कोणत्या वाहक स्तरावरून पाठवावेत, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात अँड्रॉइडच्या उदाहरणाद्वारे केला आहे.

उपलब्ध पर्याय

लिनक्स कर्नलमध्ये पाइप, युनिक्स डोमेन सॉकेट, शेअर्ड मेमरी व लूपबॅकवरील टीसीपी ही साधने पूर्वीपासून आहेत. त्यांवर आधारलेली डी-बस ही व्यवस्था नोकियाच्या २००९ मधील एन९०० या संचातील मेमो प्रणालीत वापरली गेली. अँड्रॉइडने मात्र बाइंडर हा वेगळा मार्ग स्वीकारला. त्याचे मूळ बी इन्कॉर्पोरेटेड येथे सुरू होऊन पुढे पामसोर्समध्ये विकसित झालेल्या ओपनबाइंडरमध्ये आहे. २०१५ मधील लिनक्स ३.१९ या आवृत्तीत बाइंडरच्या चालकाला प्रायोगिक विभागाबाहेर स्थान मिळाले.

निवडीचे निकष

१) नकलांची संख्या : सॉकेटमध्ये माहिती प्रेषकाकडून कर्नलमध्ये व कर्नलमधून ग्राहकाकडे अशी दोनदा नकलली जाते. डी-बसमध्ये मध्यस्थ प्रक्रिया असल्याने हाच प्रवास दोन वेळा घडतो. बाइंडरमध्ये ग्राहकाच्या स्मृतीचा एक भाग कर्नलशी आधीच जोडलेला असतो. त्यामुळे चालकाला एकच नक्कल पुरते. बॅटरीवर चालणाऱ्या संचात हा फरक उपेक्षणीय नाही.

२) प्रेषकाची ओळख : बाइंडरद्वारे आलेल्या विनंतीसोबत प्रेषकाचा वापरकर्ता-क्रमांक स्वतः कर्नल जोडतो. प्रेषकाला तो बदलता येत नाही. अनुप्रयोगास परवानगी आहे की नाही, हे सेवा त्यावरून ठरवते. युनिक्स डोमेन सॉकेटमध्येही समोरच्या प्रक्रियेची ओळख कर्नलकडून मागता येते. लूपबॅकवरील टीसीपीमध्ये मात्र अशी ओळख संदेशासोबत येत नाही.

३) प्रक्रियेचा अंत : स्मृती अपुरी पडल्यास अँड्रॉइड पार्श्वभूमीतील प्रक्रिया बंद करते. ग्राहक गेला तरी सेवेने त्याची साधने अडवून ठेवू नयेत, यासाठी बाइंडरमध्ये मृत्यूची सूचना मिळण्याची सोय आहे.

४) माहितीचे आकारमान : बाइंडरचा व्यवहारसंग्राहक प्रत्येक प्रक्रियेस सुमारे १ मेगाबाइट इतकाच असून तो चालू असलेल्या सर्व व्यवहारांत वाटला जातो. १.२ कोटी बिंदूंचे छायाचित्र प्रतिबिंदू ४ बाइट या हिशेबाने असंपीडित स्वरूपात सुमारे ४८ मेगाबाइट होते. ते बाइंडरमधून जाणार नाही. अशा वेळी माहिती शेअर्ड मेमरीत ठेवून बाइंडरद्वारे केवळ तिचा फाइल-निर्देशक पाठविणे हा योग्य मार्ग होय.

अपवादांतून मिळणारा बोध

बाइंडर सर्वत्र योग्य असता, तर अँड्रॉइडने स्वतःच इतर साधने ठेवली नसती. नव्या अनुप्रयोगांच्या प्रक्रियांना जन्म देणारी झायगोट ही प्रक्रिया युनिक्स डोमेन सॉकेटवरून आज्ञा घेते. बाइंडर विनंत्या हाताळण्यासाठी अनेक धागे चालवितो. पण धागे चालू असताना प्रक्रियेचे विभाजन केल्यास नव्या प्रक्रियेत फक्त एकच धागा येतो. उरलेल्या धाग्यांनी घेतलेली कुलुपे तेथे कायमची बंद राहू शकतात. स्पर्शपटलावरील घटनाही सॉकेटच्या जोडीवरून अनुप्रयोगाकडे जातात, कारण तेथे गरज प्रश्नोत्तराची नसून क्रमबद्ध प्रवाहाची असते.

लूपबॅकचा मोह

टीसीपी सॉकेट पाठ्यक्रमात शिकविलेले असते, म्हणून विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत त्याची निवड सहज होते. प्रयोगशाळेत ते चालतेही. परंतु आंतरजालाची परवानगी असलेला कोणताही अनुप्रयोग त्याच संचावरील उघड्या पोर्टला जोडला जाऊ शकतो. अँड्रॉइडच्या मार्गदर्शिकेतही संवेदनशील माहितीसाठी हा मार्ग टाळण्यास सांगितले आहे. ही भीती काल्पनिक नाही. काही लोकप्रिय अनुप्रयोग अशा पोर्टवर कान लावून बसत आणि ब्राउझरमधील संकेतस्थळांवरच्या स्क्रिप्ट त्यांना वापरकर्त्याच्या खुणा पोहोचवीत, हे संशोधकांनी २०२५ मध्ये उघडकीस आणले. वाहक स्तराची निवड ही म्हणजे केवळ गतीची नव्हे, तर वापरकर्त्याच्या खासगीपणाचीही बाब आहे.

निष्कर्ष

सेवेला लहान विनंती करून उत्तर मिळवायचे असल्यास बाइंडर, अखंड प्रवाहासाठी वा आरंभिक टप्प्यातील प्रक्रियांसाठी युनिक्स डोमेन सॉकेट, मोठ्या आकाराच्या माहितीसाठी शेअर्ड मेमरी, आणि दुसऱ्या संचाशी संवाद साधायचा असेल तरच टीसीपी, असा स्थूल नियम सांगता येईल. प्रकल्पाचे मूल्यमापन करताना अध्यापकांनी ‘संदेश पोहोचला का?’ या प्रश्नावर थांबू नये. ‘तो कोणी पाठविला, हे ग्राहकाला कसे कळले?’ हा प्रश्नही विद्यार्थ्यांना अवश्य विचारावा. या प्रश्नाचे उत्तर शोधताना योग्य वाहक स्तर कोणता, हे विद्यार्थ्याला बहुधा आपोआपच उमगते.