वाणिज्य शिक्षणातील भाषावैविध्य (सिंधुदुर्ग जिल्हा)

वाणिज्य व व्यवसाय-व्यवस्थापन या विषयांच्या विद्यापीठीय अध्ययन-अध्यापनात घरची बोली, शालेय माध्यमाची भाषा, बाजारातील व्यवहारभाषा व परीक्षेची भाषा यांत आढळणारी भिन्नता. मालवण किनाऱ्यावर ती विशेष ठळकपणे दिसते. तेथील विद्यार्थी सामान्यतः घरी मालवणी बोलतो, शाळेत प्रमाण मराठी शिकतो, बाजारात गोव्याची कोकणी, बेळगावकडील कन्नड व पर्यटकांची हिंदी ऐकतो, तर पदवीच्या वर्गात त्याच्या हाती बहुधा इंग्रजी पाठ्यपुस्तक येते. मालवणीस काही अभ्यासक मराठीची, तर काही कोकणीची बोली मानतात.

पार्श्वभूमी : सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला. मालवण, कणकवली, सावंतवाडी इ. ठिकाणची महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी (स्थापना १८५७) संलग्न आहेत. मुंबईत वाणिज्याच्या महाविद्यालयीन शिक्षणास सिडनहॅम महाविद्यालयाच्या स्थापनेने (१९१३) प्रारंभ झाला व ते इंग्रजीतून दिले जाई. तत्पूर्वीपासून मराठी मुलखात जमाखर्चाची स्वतंत्र परंपरा होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पेढ्यांच्या वह्या पुष्कळदा मोडी लिपीत लिहिल्या जात. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद, हुंडी ही या परंपरेची परिभाषा होय.

ही परिभाषा मुळातच संमिश्र आहे. ‘जमा’ व ‘खर्च’ हे शब्द अरबी-फार्सीतून, तर ‘पगार’ व ‘लिलाव’ हे पोर्तुगीजांच्या संपर्कातून मराठीत आले. बंदरावर मासळीचा लिलाव पुकारला जातो, तेव्हा तो शब्द परका असल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. ‘काजू’ व ‘हापूस’ ही येथील दोन प्रमुख व्यापारी पिकांची नावेही पोर्तुगीज संबंधातूनच रूढ झाली. व्यवहारात रुजलेला शब्द, त्याचे मूळ कोणतेही असो, सहज समजतो, असा याचा अर्थ.

परिभाषेतील अडचण : देशी व इंग्रजी पद्धतींचा संयोग जेथे होतो तेथे विद्यार्थी अडखळतो. देशी कीर्दीत कोणाकडून रक्कम आली, की ती त्याच्या नावाने डाव्या बाजूस ‘जमा’ होते. दिलेली रक्कम उजव्या बाजूस ‘नावे’ पडते. इंग्रजी द्विनोंदी पद्धतीच्या मराठी पाठ्यपुस्तकांत डेबिटला ‘नावे’ व क्रेडिटला ‘जमा’ म्हणतात. उदा., मासळीच्या व्यापाऱ्याकडून ५,००० रु. रोख मिळाल्यास या पद्धतीनुसार रोख खाते नावे व व्यापाऱ्याचे खाते जमा होते. ‘पैसे इले, म्हणजे जमा’ असे घरी ऐकत आलेल्या विद्यार्थ्यास आलेले पैसे ‘नावे’ लिहिणे उलटे वाटते. वस्तुतः दोहोंत विरोध नाही. देशी कीर्द ही नोंद देणाऱ्याच्या खात्याच्या बाजूने करते. इंग्रजी रोख खाते ती रोकडीच्या बाजूने करते. व्यापाऱ्याचे खाते दोन्हींत जमाच होते. एवढे स्पष्टीकरण त्याच्या बोलीत न मिळाल्यास विद्यार्थी नियम पाठ करतो व उदाहरण बदलताच चुकतो.

स्थानिक व्यवहारातील संकल्पनाही अशाच उपयोगी पडतात. रापण या सामुदायिक मासेमारीत अनेक जण मिळून किनाऱ्यावरून जाळे ओढतात व मिळकतीची ठरलेल्या वाट्यांनी वाटणी होते. भारतीय भागीदारी अधिनियम (१९३२) शिकविताना रापणीपासून आरंभ केल्यास नफ्याचे प्रमाण ही कल्पना परिचित ठरते. रूढीने चालणारा वाटा व लेखी करारातील वाटा यांतील फरकही उघड होतो.

धोरण व उपाय : राधाकृष्णन आयोग (१९४८–४९) व कोठारी आयोग (१९६४–६६) यांनी उच्च शिक्षणात भारतीय भाषांच्या माध्यमाचा पुरस्कार केला, राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) त्यास पुन्हा चालना दिली. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने परिभाषा कोश सिद्ध केले. तथापि ‘ताळेबंद’ व ‘घसारा’ या शब्दांना स्पष्टीकरण लागत नाही. ‘परिसमापन’ व ‘देयता’ यांना मात्र इंग्रजी शब्दांइतकेच लागते. शिवाय पदवीनंतरचा मार्ग मराठीतून फारसा पुढे जात नाही. सनदी लेखापालाच्या परीक्षा इंग्रजी वा हिंदीतून देता येतात, मराठीतून नाही. म्हणून इंग्रजी टाळणे हा उपाय ठरत नाही. तीत प्रवेश करण्याचा मार्ग परिचित शब्दांतून काढणे, हा ठरतो. पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ मध्ये घोषित झालेल्या या जिल्ह्यात निवास, नौकाविहार इ. व्यवसायांसाठी हिंदी व इंग्रजी या दोहोंची गरज वाढली आहे.

द्विनोंदी पद्धतीचे पहिले मुद्रित विवेचन लूका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ मध्ये व्हेनिस येथे प्रसिद्ध केले, तेही विद्वानांच्या लॅटिनऐवजी व्यवहारातील इटालियन भाषेत. व्यापाऱ्यास हिशेब समजावा, तर तो त्याच्या भाषेत सांगावा लागतो, ही जाणीव या शास्त्राच्या आरंभीच होती. उत्तर चुकले ते हिशेब न समजल्यामुळे की शब्द न समजल्यामुळे, हे जी परीक्षा ओळखू शकत नाही, ती वाणिज्याचे ज्ञान मोजत नाही. मालवणसारख्या बहुभाषी भागात असा निर्णय चुकल्यास व्यवहाराची उत्तम जाण असलेला विद्यार्थीच अनुत्तीर्ण ठरण्याचा संभव असतो.